लाल रेघेखालचं नाव

“त्यांचं नाव काय होतं?” आबासाहेबांनी विचारलं.

छापखान्यात आम्ही तिघंच होतो. ‘साप्ताहिक टोला’चे संपादक आबासाहेब कुंटे, खिळे जुळवणारा केरबा आणि मुद्रितं तपासणारा मी. तिघांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं.

“कुणाचं?” केरबानं विचारलं.

“अरे, गटारभूषणांचं! गेले ते. सोमवारी, पुण्याला.” आबासाहेबांनी हातातलं पोस्टकार्ड माझ्यापुढे टाकलं. “वाच.”

मी मोठ्यानं वाचलं. “ती. बाबा सोमवारी माझ्या घरी वारले. ज्यांना आपण चौदा वर्षे ‘गटारभूषण’ म्हणत आलात तेच माझे बाबा. या चौदा वर्षांत आपल्या पत्रात त्यांचे नाव एकदाही आले नाही. आता शेवटचे तरी त्यांच्या खऱ्या नावाने छापावे. तो दुसरा शब्द कोठेही येऊ नये, एवढीच विनंती. येत्या रविवारी सायंकाळी पाच वाजता नगर वाचनालयात सभा ठेवावी असे मी ग्रंथपालांना कळवले आहे. मी येत आहे. सौ. कुसुम लिमये.”

“आता यात नाव कुठंय?” आबासाहेब वैतागून म्हणाले. “खऱ्या नावानं छापा म्हणते, आणि खरं नाव लिहीत नाही!”

“वडिलांचं नाव कोणती मुलगी लिहिते?” मी म्हटलं. “तिला वाटलं असेल, चौदा वर्षं ज्यांची टिंगल केली त्यांचं नाव तरी आपल्याला ठाऊक असेल.”

“मग तुला आहे का ठाऊक?”

मी आठवून पाहिलं. जिभेच्या टोकावर काहीतरी होतं, पण येईना. केरबा डोकं खाजवत म्हणाला, “आडनाव भूषणच न्हवं का त्यांचं? आमच्या गल्लीत तर समदी भूषणकाकाच म्हंत्यात.”

गुरुवारची दुपार होती. अंक शनिवारी निघायचा. आणि ज्या माणसावर आम्ही शेकडो रकाने भरले होते, त्याचं नाव छापखान्यात कुणालाच सांगता येत नव्हतं.

आता ही गोष्ट एकोणीसशे बासष्टची. त्या काळी तालुक्याच्या गावातलं साप्ताहिक म्हटलं की कुचेष्टेच्या पदव्या वाटणं हा त्याचा मुख्य धंदा असायचा. बातम्या काय, कुणीही छापील. आमच्या आबासाहेबांनी शाळेच्या हेडमास्तरांना ‘छडीमार्तंड’ केलं होतं, तारखांवर तारखा घेणाऱ्या वकिलांना ‘तारीखपंत’, आणि गावातल्या वैद्यबुवांना ‘काढासम्राट’. लोक शनिवारी अंक उघडायचे ते या आठवड्यात कुणाला काय म्हटलंय ते बघायला. बाकीच्या पदव्या दोन-चार महिन्यांत शिळ्या व्हायच्या. ‘गटारभूषण’ मात्र चिकटली ती चिकटलीच. दर आठवड्याला तो शब्द लागायचा, म्हणून केरबानं त्याचे खिळे एकदाच जुळवून, दोऱ्यानं करकचून बांधून खिडकीत ठेवून दिले होते. लागला की उचलायचा आणि मजकुरात बसवायचा. छापून झालं की पुसून परत खिडकीत.

ज्याचा हा शब्द, तो माणूस मुळात बाहेरगावचा. सरकारी नोकरीत ओव्हरसियर होता. अठ्ठेचाळीस साली निवृत्त होऊन मुलीला घेऊन आमच्या गावात राहायला आला. बायको आधीच गेलेली. पुढे मुलीचं लग्न झालं आणि ती पुण्याला गेली. हे एकटेच राहिले. हातात मोजायची फीत घेऊन ते गावातली उघडी गटारं मोजत हिंडायचे. कासार गल्लीतलं गटार पिण्याच्या आडापासून अवघं नऊ फुटांवरून जातं, दर पावसाळ्यात तिथं पटकी येते, तेव्हा ते गटार हलवा आणि झाका, एवढं त्यांचं म्हणणं. दर मंगळवारी ते चार पानांचं पत्र घेऊन छापखान्यात यायचे. मोत्यासारखं अक्षर, खाली पूर्ण सही. आबासाहेबांचा हुकूम ठरलेला होता: पत्र छापायचं, वर ‘गटारभूषण उवाच’ असा मथळा घालायचा, आणि सही काढून टाकायची. ती सही काढायचं काम माझं. लाल पेन्सिलीची एक रेघ.

शनिवारी ते स्वतः येऊन अंक विकत घ्यायचे, दारातच उभं राहून आपलं पत्र वाचायचे आणि एखादी चूक सापडली तर मला दाखवायचे. “निमकर, तिसऱ्या परिच्छेदात फुटाचा इंच झालाय बघा.” मथळ्याबद्दल एक अक्षर बोलायचे नाहीत. मला वाटायचं, माणूस निर्ढावलाय. त्यांना त्याचं काहीच वाटत नाही.

“तार बघ,” आबासाहेब म्हणाले.

छापून झालेली हस्तलिखितं आम्ही भिंतीवरच्या तारेत टोचून ठेवत असू. वर्षभराचा गठ्ठा होता. गटारभूषण गेले आठ महिने आजारी म्हणून मुलीकडे होते, त्यामुळे त्यांचं शेवटचं पत्र बरंच खाली. मी सगळी तार उपसली. हात धुळीनं माखले, एका बोटात तार घुसली. शेवटी ते पत्र हाती लागलं. चौथ्या पानाच्या तळाशी सही होती, आणि सहीवरून माझी लाल रेघ. सरळ, पट्टी धरून मारल्यासारखी.

रेघेखालून नाव कसंबसं वाचता आलं. “अनंत बाळकृष्ण घैसास,” मी म्हटलं.

“घैसास!” आबासाहेब मांडीवर थाप मारून म्हणाले. “बरोबर. घैसासच.” जसं काही ते सांगणारच होते.

मग त्यांच्या अंगात एकदम सज्जनपणा संचारला. मला आबासाहेबांच्या शिव्यांचं कधी काही वाटलं नाही, पण त्यांच्या सज्जनपणाची मात्र धास्ती वाटायची. त्यांनी दार लावून घेतलं आणि तासाभरात मृत्युलेख लिहून बाहेर आले. तो वाचून माझं डोकं फिरलं.

“आबासाहेब, ‘नगरहितैकदक्ष, कर्तव्यकठोर, ज्ञानवृद्ध’ हे सगळं ठीक आहे. पण हे गेले कोण, ते कुणाला कळणार?”

“वर नाव आहे की. जाड ठशात.”

“ते नाव गावात कुणाला माहीत आहे? आपल्यालाच माहीत नव्हतं.”

“मग माहीत होईल.”

“निदान गटारांसाठी झगडले असं तरी लिहा.”

“छे!” आबासाहेबांनी कानांवर हात ठेवले. “गटार हा शब्दच नको. अर्धी पदवी झाली ती. त्या पोरीनं विनंती केलीय. मी ‘सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात’ असं घातलंय ना?”

“सार्वजनिक आरोग्य म्हटल्यावर लोकांना देवी टोचणारा वाटेल.”

“निमकर, तू मुद्रितं तपास. अक्कल माझी मला आहे.”

केरबा खिळे जुळवायला बसला. मृत्युलेखाच्या पहिल्या ओळीशीच त्याचा हात सवयीनं खिडकीकडे गेला आणि दोऱ्यानं बांधलेला तो शब्द त्यानं उचलला. आबासाहेब ओरडले, “ठेव तो! मोडून टाक आजच्या आज!”

“मोडतो,” केरबा म्हणाला, आणि शब्द परत खिडकीत ठेवला.

शनिवारी अंक निघाला. पहिल्या पानावर काळी चौकट, चौकटीत कै. अनंत बाळकृष्ण घैसास, आणि खाली रविवारच्या सभेची सूचना. आबासाहेब अंकाकडे असं बघत होते की जणू चौदा वर्षांचं सगळं एका चौकटीत फिटलं. मी चहाला म्हणून कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेलो, तर तिथं दोघं जण अंक वाचत बसलेले.

“कोण हो हे घैसास?” एकानं विचारलं.

“असतील कुणीतरी. जुने मामलेदार बिमलेदार.”

“आपल्या गावात घैसास कुठले आले?”

आणि पान उलटलं. मला तिथंच सांगता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. पण त्या मुलीचं कार्ड आठवलं, तो दुसरा शब्द कोठेही येऊ नये, आणि चहा न पिताच मी उठलो. आबासाहेबांना जाऊन सांगितलं, “लोकांना कळलेलं नाही.” ते म्हणाले, “कळेल. गाव आहे हे, मुंबई नव्हे.”

रविवारी पाच वाजता वाचनालयाच्या माडीवर सतरंज्या घातल्या होत्या. ग्रंथपालांनी दारातल्या फळ्यावर खडूनं सुरेख अक्षरात घैसासांचं नाव लिहिलं होतं. टेबलावर फोटो, फोटोला हार. कुसुमताई आणि त्यांचे यजमान पुढे बसले होते. तिशीच्या, वडिलांसारख्याच उंच, साधं पांढरं पातळ. आबासाहेब, मी, केरबा आणि ग्रंथपाल. सगळी धरून सहा माणसं.

सव्वापाच झाले. साडेपाच झाले. खाली रविवारचा बाजार भरला होता. भाजीवाल्यांचा आरडाओरडा, सायकलींच्या घंट्या, माणसांची ही गर्दी. आख्खं गाव आमच्या खिडकीखालून जात होतं आणि वर एकही येत नव्हता. दोघं जण जिना चढून आले, फळा वाचला, फोटोकडे लांबून पाहिलं आणि “चुकलो वाटतं” म्हणून परत उतरले. फोटो तरणेपणीचा होता, भरघोस मिशांचा. आमच्या गावानं पाहिलेल्या टकल्या, वाकलेल्या म्हाताऱ्याशी त्याचा काही मेळ नव्हता.

“बाजाराचा दिवस आहे,” आबासाहेब म्हणाले. “येतील हळूहळू.”

कुसुमताई खिडकीतून खाली बघत होत्या. “बाबा शेवटच्या दुखण्यातही या गावाचंच बोलायचे,” त्या म्हणाल्या. “आडाचं काय झालं, गटाराचं काय झालं. मी म्हणायची, बाबा, त्या गावाला तुमचं काही नाही. ते म्हणायचे, आहे, तुला कळत नाही.” त्या खिडकीपासून वळल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, “चला. सहाची गाडी मिळेल. माझंच खरं होतं.”

त्यांनी फोटोवरचा हार उतरवायला घेतला. मला ते बघवेना. इतका वैताग आला की सांगता सोय नाही. आबासाहेबांच्या सज्जनपणाचा, त्या मृत्युलेखाचा, खालच्या मठ्ठ गावाचा, आणि खरं सांगायचं तर त्या बाईचाही. एका शब्दानं माडी भरली असती आणि नेमका तोच शब्द तिनं बंद केला होता.

“दहा मिनिटं थांबा,” मी म्हटलं. “फक्त दहा मिनिटं.”

“कुठं निघालास?” आबासाहेब ओरडले. मी जिना उतरत होतो.

खाली पहिलं दुकान रसूल तांबोळ्याचं. तो पानाला चुना लावत होता.

“रसूलभाई, वर सभा आहे. या.”

“कुनाची?”

“घैसासांची.”

“कोन घैसास? आवो, धंद्याचा टाइम हाय.”

मी श्वास घेतला. चौदा वर्षं तो शब्द मी कागदावर शेकडो वेळा पाहिला होता, पण भर रस्त्यात मोठ्यानं कधी उच्चारला नव्हता. “गटारभूषण गेले,” मी म्हणालो.

रसूलच्या हातातलं पान खाली पडलं. “भूषणकाका? आपले भूषणकाका? कवा?”

“सोमवारी. पुण्याला.”

“आन तुमी पेपरात छापलं न्हाई? चौदा वर्सं तेवढंच छापत आलासा, आन मानूस मेल्यावर तोंडाला कुलूप?”

“छापलंय की. काळ्या चौकटीत.”

“ते घैसासाचं हाय! मी वाचलं न्हाई व्हय? मला वाटलं कोन तरी बाहेरचा मोठा मानूस आसंल.” त्यानं फडकं फेकलं, दुकानाची फळी खाली ओढली आणि रस्त्यात उभा राहून ओरडला, “आरं, गटारभूषण गेलं! आपलं भूषणकाका गेलं!”

पुढे मला काही करावंच लागलं नाही. शब्द बाजारातून पळत सुटला. भाजीवाल्यांनी पाट्यांवर पोती टाकली. कासार गल्लीतून बायका तशाच हात पुसत आल्या. नगरपालिकेचे झाडूवाले आले, हॉटेलातले ते दोघे आले, ‘छडीमार्तंड’ आले, ‘काढासम्राट’ही आले. सहा वाजता माडीवर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि जिन्यावरची माणसं रस्त्यापर्यंत उतरली होती. जो तो मला आणि आबासाहेबांना खडसावत होता. सांगितलं का नाही? आबासाहेबांनी मान खाली घातली होती. असं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

आबासाहेबांचं लिहून आणलेलं भाषण खिशातच राहिलं. आधी कासार गल्लीतली हौसाबाई उठली. “म्या घसरून गटारात पडले, तवा कमिटीच्या मान्सानं बघितलंबी न्हाई. गटारभूषन सोता फरशी घिऊन आलं. ह्या वयात, आपल्या हातानं बसीवली. आजून हाय माझ्या दारात. गटारभूषनावानी मानूस न्हाई बगा गावात.” मग रसूल बोलला, झाडूवाल्यांचा मुकादम बोलला, हेडमास्तर बोलले. सगळ्यांच्या तोंडी तेच नाव. कुणी भूषणकाका, कुणी गटारभूषणसाहेब. त्यात कुचेष्टेचा लवलेश नव्हता. त्यांना दुसरं नाव माहीतच नव्हतं. मी सवयीनं मोजत होतो. एकोणीस वेळा. आणि प्रत्येक वेळी कुसुमताई पदराचं टोक मुठीत आवळत होत्या.

सभा संपली. लोक एकेक करून फोटोला नमस्कार करून गेले. हौसाबाईनं कुसुमताईंच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मग माडीवर पुन्हा आम्ही तेवढे सहा जण उरलो.

“हे नाव कुणी ठेवलं?” कुसुमताईंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

आबासाहेब उभे राहिले. “बाई, संपादक मी आहे. जे काही असेल ते माझ्या माथी.”

“तसं नव्हे. सुचलं कुणाला?”

आबासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या क्षणी त्यांच्याबद्दल मला जे वाटलं ते मी कधी विसरलो नाही. पण गप्प राहणं मला जमलं नाही.

“मला,” मी म्हणालो.

बावीस वर्षांचा होतो तेव्हा. नोकरीला लागून पंधरा दिवस झाले होते. घैसासांचं पहिलं पत्र आलं आणि आबासाहेब म्हणाले, याला काहीतरी झकास मथळा पाहिजे. मी सुचवला. आबासाहेब पोट धरधरून हसले, केरबाला हाक मारून ऐकवलं, माझ्यासाठी भजी मागवली. त्या दिवशी मला वाटलं, आपण पत्रकार झालो. तो शब्द माझ्या आयुष्यातला पहिला छापलेला शब्द. पत्रातली आकडेमोड, तो आड, ती पटकी, यातलं काहीही मी तेव्हा नीट वाचलं नव्हतं. मथळा सुचायला ती वाचायची गरजच पडली नाही. हे सगळं मी कुसुमताईंना सांगितलं, जवळजवळ असंच.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “म्हणजे निमकर तुम्ही.”

“हो.”

“बाबा तुमच्याबद्दल बोलायचे.” त्यांनी फोटो वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतला. “म्हणायचे, त्या छापखान्यात निमकर म्हणून एक मुलगा आहे, फार काळजीनं काम करतो. माझ्या पत्रातला एक आकडा चुकू देत नाही. फक्त माझं नाव तेवढं खोडतो.”

फोटोचं पुडकं त्यांनी काखेत घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचे यजमान म्हणाले, “निघू या,” आणि ते दोघं जिना उतरून गेले. आबासाहेब सतरंजीवर बसून राहिले. मी फळ्यावरचं नाव पुसायला गेलो आणि हात थांबला. ते पुसलं नाही. दुसऱ्या दिवशी ग्रंथपालांनी पुसलं असेल.

सोमवारी मी केरबाच्या खिडकीतून तो बांधलेला शब्द काढला आणि स्वतः दोरा सोडला. खिळे झिजून पार गुळगुळीत झाले होते. दुसऱ्या कुठल्याच शब्दात वापरता येण्यासारखे राहिले नव्हते. केरबानं ते वितळवायच्या डब्यात टाकले.

त्यानंतर पाच वर्षांनी कासार गल्लीतलं गटार आडापासून हललं आणि त्यावर फरशा पडल्या. शेजारच्या रस्त्याला कै. अ. बा. घैसास यांचं नाव द्यावं असा अर्ज मी नगरपालिकेत केला. चार वर्षं खेटे घालून तो मंजूर करून घेतला. निळी पाटी लागली. निवृत्त झाल्यावर मी त्याच रस्त्यावर दोन खोल्या घेतल्या. नातेवाइकांना, ओळखीच्यांना, सगळ्यांना बजावून ठेवलं आहे, पत्ता लिहिताना ‘घैसास मार्ग’ असंच लिहायचं. मीही प्रत्येक पत्रावर तसंच लिहितो.

काल भाच्याचं पत्र आलं. चार दिवस उशिरा. गावातल्या गावात कुठंतरी फिरत राहिलं असावं. पाकिटावर भाच्यानं घैसास मार्ग असं ठळक लिहिलेलं होतं. पोस्टात कुणीतरी ते नाव खोडून वर, माणसाला घर सापडावं म्हणून अगदी भल्या मनानं, ‘गटारभूषण रस्ता’ असं लिहिलं होतं.

लाल पेन्सिलीनं खोडलं होतं. सरळ, पट्टी धरून मारल्यासारखी रेघ. खालचं नाव कसंबसं वाचता येत होतं.